हिचे दाणे

आमच्या मामेसासऱ्यांनी जिवापाड जपलेल्या शेवटच्या घेवड्याची मी उसळ केली आणि ती त्यांनाच वाढली. वर, 'अजून घ्या ना मामा, संकोच कसला करता?' असा आग्रहही केला. देवासच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. हजारो तऱ्हेचे नट, बोल्ट, वॉशर माझ्या ताब्यात असतात आणि त्यांतला एकही कधी इकडचा तिकडे झाला नाही, असा माझा लौकिक आहे. घरातली एक डबी मात्र मला सांभाळता आली नाही.

मूठभर दाण्यांचं एवढं काय, हे कळायला आधी मामा कळायला हवेत. मामा म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. देवासपासून धारपर्यंत, मधलं अख्खं इंदूर धरूनसुद्धा, त्यांच्याइतका बेधडक मागणारा माणूस आजवर झालेला नाही. ते पैसे मागत नाहीत, वशिला मागत नाहीत, कुणाकडे चहासुद्धा मागत नाहीत. मामा झाडं मागतात. फांदी मागतात, बी मागतात, केळीचा मुनवा मागतात, अळूचा गड्डा मागतात. नोकरी त्यांनी नोटा छापायच्या कारखान्यात केली. आयुष्यभर कोऱ्या नोटांचा वास घेऊन पैशावरचं मन उडालं, असं ते म्हणतात. निवृत्त झाल्यावर पीपलरावां या गावातल्या एका जुन्या स्नेह्यानं तिथल्या तळ्यामागची पडीक जमीन त्यांना दाखवली. पंचायतीनंही फारशी खळखळ न करता ती गावासाठी दिली, कारण तिथे बाभळीशिवाय काही येत नव्हतं. त्या जमिनीवर मामांनी फळांचं, भाज्यांचं, कंदांचं एक रान उभं करायला घेतलं. हल्ली याला 'फूड फॉरेस्ट' म्हणतात म्हणे. मामा त्याला 'खाऊरान' म्हणतात. येईल त्यानं तोडावं, खावं, घरी न्यावं, फक्त विकू नये, हा गावाचा नियम. आणि खाऊरानात एकही झाड विकत आणलेलं नको, हा मामांचा स्वतःचा. "विकतचं झाड भाडेकरूसारखं राहतं, जावईबापू," ते मला सांगत. "मागून आणलेलं सुनेसारखं रुजतं. लाजतं, रुसतं, चार दिवस माना टाकतं, पण मग घर आपलं म्हणतं."

या मागण्याची त्यांची तयारी लष्करी असे. स्कूटरच्या हुकाला ओलं पोतं, खिशात बोथट कात्री आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं. नात्यागोत्यातल्या प्रत्येक लग्नाचं पाकीट मामांकडे असे आणि प्रत्येकात कसलं तरी बी. त्यामुळे 'आपल्या आशीर्वादाचे इच्छुक' या ओळीखाली कारल्याच्या बिया निघत. एका घटस्फोटित जोडप्याच्या पाकिटात त्यांनी भोपळा ठेवला होता. त्यावरून हिनं त्यांना बोल लावला, तर म्हणाले, "पाकीट चांगलं जाड आहे गं. लग्नाचं मला काय करायचंय?"

कुठे काय मागावं याचा पोच मामांना नव्हता असं मी पूर्वी म्हणत असे. एकदा आम्ही तिघं एका घरी भेटायला गेलो. घरातले नव्वदीचे आजोबा गेले होते. मामा मनापासून डोळे पुसत बसले होते, आणि पुसता पुसता त्यांना खिडकीतून परसातलं लिंबाचं झाड दिसलं. "आजोबांनी स्वतः लावलेलं का हो?" त्यांनी विचारलं. मुलगा हो म्हणाला. ही मागून मामांचा सदरा ओढत होती, मी छताकडे बघत होतो. "मग चार पिकली लिंबं द्या ना," मामा म्हणाले. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण तेरावं झाल्यावर तो मुलगा स्वतः पिशवीभर लिंबं घेऊन मामांकडे आला. त्याच्या बिया रुजल्या, रोपं खाऊरानात गेली, आणि दरवर्षी त्या घरी मामांचा फोन जाऊ लागला. "आजोबांना यंदा नवी पालवी आली बरं का." तो मुलगा आता निवृत्तीला आलाय. अजून वर्षातून एकदा सहकुटुंब पीपलरावांला जाऊन त्या झाडाला पाणी घालून येतो. तेव्हा पोच कुणाला नव्हता, याबद्दल मी हल्ली बोलत नाही.

पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटायला माणसं येत, तेव्हा मामा त्यांच्या मागे मागे स्कूटर घेऊन फिरत. अशाच एका सकाळी त्यांना शेवग्याच्या सहा-सात फुटी फांद्या मिळाल्या. आमच्याकडे शेवग्याला सगळे सुरजना म्हणतात. मागे बसून त्या धरायला मी. आडव्या धरल्या की रस्ता अडत होता, म्हणून उभ्या धरल्या. चौकात हवालदारानं हात केला. आमच्या माळव्यात वयस्कर माणसाला सगळे दाजीच म्हणतात.

"दाजी, ये कोनसा झंडा ले के निकले हो?"

"झंडा नहीं भिया, सुरजने की डाल है. तुम्हारे घर आँगन है?"

"हे."

"क्या लगा है उसमें?"

"अनार हे. पर आप लाइसेंस तो..."

"मीठा कि खट्टा?"

मागे भोंगे वाजत होते. पानं माझ्या नाकात जात होती. हवालदार शिट्टी हातात धरून, आपल्या डाळिंबाचे दाणे कसे लाल आणि आईनं ते झाड कसं वाढवलं, हे सांगत उभा राहिला. लायसन्स कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा त्याच्या घरून डाळिंबाच्या बारा काड्या घेऊन आले.

खाऊरानातल्या झाडांना मामा झाडांच्या नावानं हाक मारत नाहीत, देणाऱ्याच्या नावानं मारतात. टेकडीखालच्या डॉक्टरीणबाईंनी दिला तो कढीपत्ता म्हणजे 'डॉक्टरीणबाई'. शाळेतल्या बाईंची तुती म्हणजे 'मास्तरीण'. यामुळे काय होतं ते मी एकदा बसमध्ये अनुभवलं. मामा खाऊरानाच्या राखणदाराशी फोनवर बोलत होते आणि फोनवर बोलताना पीपलरावांपर्यंत आवाज थेट पोचावा अशा बेतानं ते बोलतात. "हवलदार को रस्सी से बाँध दो, आँधी आ रही है! और मास्टरनी को दो दिन से पानी नहीं दिया? शरम नहीं आती? तहसीलदार सूख गए हों तो उखाड़ के फेंक दो!" सबंध बस आमच्याकडे वळून बघू लागली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला आणि हळूच मला म्हणाला, "भिया, ये दाजी करते क्या हैं?" मी म्हटलं, "बागवानी." त्याचा विश्वास बसला नाही.

पण हे सगळं मागणं, हे 'सुनेसारखं रुजणं', याचं मूळ एका घेवड्यात होतं. मामींच्या घेवड्यात. मामी धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याच्या. देवासच्या घरामागे तुरखाट्यांचा एक मांडव होता. आषाढात त्याच्या चारी खांबांशी मामी दाणे टोचत आणि मार्गशीर्षात तो मांडव जांभळ्या फुलांनी भरून जाई. आम्ही नवे नवे लग्न झालेले असताना रविवारी त्या मांडवाखाली बसायचो. ऊन पानांतून गळून अंगावर पडे, मामी शेंगांच्या शिरा काढत आणि आळीतल्या प्रत्येक घरासाठी वेगळी ओंजळ काढून ठेवत. शेजारच्या माळवी बायका या शेंगांना बालोर म्हणत. मामींना ते खपत नसे. "बालोर बाजार में मिलती है," त्या ताठ मानेनं सांगत. "ये घेवडा है. मेरे मायके का. पाठवणीच्या वेळी आईनं पदराला बांधून दिला होता." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण 'मायके का' म्हणताना आवाज असा लागे की समोरची बाई ओंजळ पदरात घेताना नकळत मान लववी. मामा हे ऐकून मला डोळ्यानं खुणावत. "बघितलंत? मागून नाही, आपणहून दिलेलं. तेही आईनं. म्हणून एवढा फळतो."

ती उसळ झाली तेव्हा मामी जाऊन अडीच वर्षं झाली होती. पहिले दोन पावसाळे मामांनी घेवडा लावलाच नाही. घरामागचा मांडवही मोडला. मग अचानक एक दिवस त्यांनी खाऊरानात, विहिरीशेजारी, अगदी मोक्याच्या जागी नवा मांडव घातला आणि तो रिकामा ठेवला. राखणदाराला ते बघवेना. "दाजी, खाली मांडवो कई काम को? गिलकी चढ़ई दूँ?" गिलकी म्हणजे आपली घोसाळी. मामा म्हणाले, "नहीं. ये जगह बुक है." येत्या आषाढात मामींचा घेवडा तिथे चढायचा होता. दाणे जेमतेम मूठभर उरले होते आणि मामांच्या घरात त्या वर्षी उंदीर फार झाले होते, म्हणून त्यांनी ते एका पत्र्याच्या डबीत घालून भाचीकडे, म्हणजे आमच्या घरी आणून ठेवले. डबीत स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. तीवर एकच शब्द होता, 'हिचे'.

ही दोन दिवस बहिणीकडे उज्जैनला गेली होती. रविवारी ती परत यायची होती आणि मामा जेवायला. आपण बिरड्याची उसळ करून सगळ्यांना थक्क करावं, असं माझ्या मनात आलं. बाजारातून वाल आणले, ते थोडे कमी वाटले. शोधता शोधता फळीवरच्या डब्यांमागे ती डबी सापडली. चिठ्ठी वाचली. 'हिचे.' मी म्हटलं, हिचे आहेत, म्हणजे आपलेच आहेत. प्रत्येक नवऱ्याची 'ही' वेगळी असते, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. भिजवले, मोड आणले, एकेक दाणा सोलला. खोबरं, गूळ, आमसूल, काही कमी केलं नाही.

मामांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. "आज उसळीला चव वेगळी आहे जावईबापू. ओळखीची वाटते. दाणे कुठले?"

"निम्मे बाजारातले," मी फुशारून म्हणालो, "निम्मे घरातले. त्या फळीवर डबीत होते ना, 'हिचे' असं लिहिलेले."

आतून तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला. ही दारात उभी होती, हातात उलथनं. मामांनी ताटाकडे पाहिलं. चार-सहा दाणे उरले होते. त्यांनी बोटानं ते वेगळे केले, बाजारचे एका बाजूला, जांभळट कडेचे दुसऱ्या बाजूला. शिजलेला दाणा रुजत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मग ते जांभळट दाणे त्यांनी एकेक करून खाल्ले.

"चांगले शिजलेत," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

त्यानंतर पंधरा दिवस ही माझ्याशी केवळ कामापुरतं बोलली. मामांचं त्याहून वाईट. खाऊरानात जाऊन यायचे, पण राखणदारानं मांडवाचं नाव काढलं की विषय बदलायचे. शेवटी हीच म्हणाली, "अमझेऱ्याला असेल की अजून. मूळ वेल तिथलाच ना? मामा, जाऊन मागून आणा."

आणि इथे आमचे मामा, ज्यांनी सुतकी घरात लिंबं मागितली, चौकात हवालदाराकडे डाळिंब मागितलं, ते मान हलवू लागले. "सासुरवाडीला जावयानं मागायचं नसतं. देतील ते मुकाट्यानं घ्यायचं. आणि ती नसताना त्या दारात उभं राहून मी काय बोलू?" कितीही समजावलं तरी हेच. मामी गेल्यापासून ते अमझेऱ्याला गेलेही नव्हते. मग हिनं निकाल दिला, "ज्यानं उसळ केली त्यानं फोन करावा."

अमझेऱ्याला आता मामींच्या थोरल्या वहिनी आणि त्यांची सून एवढ्याच असतात. या वहिनींना आम्ही माई म्हणतो. ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं मराठी असं सोवळ्यातलं, की हिंदी शाळेत शिकलेला माझ्यासारखा माणूस त्यांच्याशी बोलताना प्रत्येक शब्द आधी धुऊन घेतो. आपलंही बोलणं जरा भारदस्त व्हावं म्हणून मी मामांकडून उचललेला एक शब्द वापरला. बियाण्याच्या जातीला मामा 'वाण' म्हणतात. काळ्या वांग्याचं वाण, गोड डाळिंबाचं वाण. मी म्हटलं, "माई, मामांना तुमच्याकडे वाण घ्यायला यायचं आहे."

मग माई हळूच म्हणाल्या, "भावोजी स्वतः म्हणाले असं?"

"मनात आहे त्यांच्या. तोंडानं मागवत नाही, एवढंच."

"अगं बाई! बरोबर आहे हो त्यांचं. चुकलं ते आमचंच. आठ दिवस द्या मला."

मूठभर दाणे शोधायला आठ दिवस कशाला, असं माझ्या मनात आलं. पण म्हाताऱ्या माणसांची शोधाशोध असते, म्हणून मी गप्प बसलो. मामांना सांगितलं, माईंनी बोलावलंय. बोलावलं म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

आम्ही दोघं अमझेऱ्याला पोचलो तेव्हा दारात रांगोळी होती. आत दोन पाट मांडलेले, त्यांभोवतीही रांगोळी, समोर ताम्हनात दिवा आणि शेजारच्या परातीत जाळीदार, खसखस लावलेल्या अनारशांची चळत. माई नऊवारी लुगडं नेसून उभ्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्येष्ठ अधिक होता! दर तीनेक वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात लेकीला-जावयाला बसवून तेहेतीस अनारसे द्यायचे, दिवा द्यायचा, त्यालाच वाण म्हणतात. आमच्या घरी सगळे नुसतं 'अधिकाचे अनारसे' म्हणतात आणि मी ते नुसते खातो. म्हणजे पंचाहत्तरीला आलेल्या विधुर जावयानं सासुरवाडीला निरोप धाडला होता की माझं अधिकाचं वाण काढून ठेवा, मी घ्यायला येतोय!

"हे काय वहिनी?" मामा दारातच थबकले.

"मागच्या अधिकात ती अंथरुणावर होती. द्यायचं राहून गेलं," माई म्हणाल्या. "मनाला लागून होतं हो. पण तुम्ही हक्कानं मागितलंत, बरं वाटलं. कोण मागतं हल्ली?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन मी करणार नाही. मग ते पाय धुऊन आले आणि एका पाटावर बसले. दुसरा पाट तसाच. सून तो उचलायला वाकली तेव्हा माई म्हणाल्या, "राहू दे गं. सवयीनं मांडला, आता असू दे." त्यांनी वाण दिलं, मामांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. मी कोपऱ्यात उभा राहून खिडकीचे गज मोजत होतो.

जेवणं झाली. निघायची वेळ झाली. मामांनी घेवड्याचा घ काढला नाही. एवढं भरभरून मिळाल्यावर आणखी मागायचं तर त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. मी तोंड उघडलं, "माई, तो घेवडा..." आणि मामांनी माझ्या पायावर पाय दिला.

"कसला घेवडा?" माई म्हणाल्या.

मग मात्र मी पाय बाजूला घेतला आणि सगळं सांगितलं. डबी, चिठ्ठी, उसळ, रिकामा मांडव. उसळीचं ऐकून माई हसू लागल्या, पदर तोंडाला लावून, पार खोकला येईपर्यंत. मग त्यांनी पदर नीट केला.

"भावोजी, तो घेवडा आमचा नव्हे हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कधी नव्हताच तो."

मामांना कळेना. "असं कसं? आईंनी पदराला..."

"आईंना त्या दिवशी ताप होता. भ्रमात होत्या. लेकीला काही बांधून द्यायचं राहूनच गेलं. मी पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर आले होते ना? वऱ्हाडाची मोटार धारच्या स्टँडवर थांबली, तेव्हा ही रडायलाच लागली. 'वहिनी, सासरी विचारतील, आईनं काय दिलं? काय सांगू?' समोर एक माळवी भाजीवाली पेरणीचं बी घेऊन बसली होती. तिच्याकडून मूठभर बालोर घेतली आणि हिच्या पदराला गाठ मारून दिली. कुणाला सांगायचं नाही, म्हणून शपथ घातली तिनं मला. आता तीच नाही, शपथ तरी किती दिवस सांभाळू?"

"आणि मी कुठे होतो?" मामांनी विचारलं.

"तुम्ही मोटारीत रुसून बसला होतात. करवलीनं खिडकीची जागा घेतली म्हणून."

मला मामांच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना. ज्या एका घेवड्यावर त्यांनी मागण्याचं सगळं शास्त्र उभं केलं होतं, तो भर स्टँडवर विकत घेतलेला निघाला होता. आणि बाईनं जन्मभर, संसाराच्या पन्नास वर्षांत, एकदाही कळू दिलं नव्हतं.

"म्हणजे बाजारची बालोर," मामा सावकाश म्हणाले. "आणि आळीतल्या बायकांना सांगायची काय ऐटीत! मेरे मायके का!" त्यांनी अगदी मामींचा आवाज काढला. माईंना पुन्हा हसू फुटलं. मामाही हसले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. तो स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "ती भाजीवाली स्टँडच्या कुठल्या बाजूला बसली होती?"

धारला बस बदलायची होतीच. मामा उतरले ते तरातरा चालत सुटले, मी मागून अनारशांचा डबा घेऊन. स्टँड आता ओळखू येत नाही असा झालाय, पण माईंनी सांगितलेल्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, पावसाळ्यासाठी बी विकणाऱ्या दोन-तीन बायका पोती पसरून बसल्या होत्या. गिलकीचं, तुरईचं, भेंडीचं, छोटे छोटे ढीग. मामा एकीसमोर उकिडवे बसले.

"बालोर हे?"

"हे नी दाजी. बैंगनी फूल वाली."

मामांनी एक दाणा उचलला, उन्हात धरला, फिरवून पाहिला. तो मामींचाच होता का, ते मला सांगता येणार नाही. मला तर उसळ करतानाही सांगता आलं नव्हतं. बाईनं त्यांचे पांढरे केस पाहिले, माझ्या हातातला डबा पाहिला आणि एक मूठ भरून पुढे केली. "ले जाओ दाजी. मुट्ठी-भर बीज को कई पइसो? लगाजो, खाजो."

न मागता, आपणहून, हसतमुखानं. मामांनी आयुष्यभर याच क्षणासाठी वणवण केली होती. पण त्यांनी मान हलवली.

"नहीं बेन. ये वाली तो खरीदना पड़ेगी."

"अरे, म्हूँ दई री हूँ नी!"

"तुम दे रही हो, पर मेरे को लेना नहीं चलेगा."

त्यांनी बंडीच्या खिशातून पैसे काढून तिच्या पोत्यावर ठेवले. लग्नपत्रिकांची पाकिटं खिशात होती, ती काढली नाहीत. माझा रुमाल मागितला, दाणे त्यात घेतले आणि घट्ट गाठ मारली. मग डबा उघडून चार अनारसे त्या बाईच्या हातावर ठेवले. देवास येईपर्यंत बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. रस्त्यात कितीतरी फांद्या, कितीतरी परसं गेली. त्यांनी एकदाही बस थांबवायला सांगितली नाही.

दिवेलागणीला घरी आलो. ही स्वयंपाकघरात अनारसे डब्यात लावत होती आणि मी तिला सगळं सांगत होतो, वाणाची फजिती, रिकामा पाट, स्टँडवरची भाजीवाली. ती ऐकत होती, मधूनच हात थांबत होता. सांगून झाल्यावर मी जरा वेळ उभाच राहिलो. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. फडताळावर तिच्या आईनं दिलेली म्हणून एक लोणच्याची बरणी आहे, भिंतीवर आजोळचं म्हणून एक घड्याळ आहे. मी कधी चौकशी केलेली नाही.

"काय गं," मी विचारलं, "तूसुद्धा असं काही लपवून ठेवलंयस का माझ्यापासून?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. "असेल की," ती म्हणाली. "पण ते मी गेल्यावर माझ्या वहिनीला जाऊन विचारायचं. आत्ता हातपाय धुऊन या."